काडी कोळ्याची, गंजी कुणाची?

संशोधक: या विषयात मला सगळ्यात थक्क करते ती मात्रा. लॉक्सोसेलिस वंशातला तपकिरी कोळी चावतो तेव्हा त्वचेत जेमतेम काही मायक्रोलिटर विष उतरतं, आणि त्यातलं प्रथिन मिलिग्रॅमच्या दहाव्या हिश्शाइतकंही नसतं. तेवढ्यावर एखाद्या धडधाकट मुलाच्या तांबड्या पेशी फुटू लागतात, लघवी काळपट होते, प्लेटलेट्स घसरतात, रक्त नको तिथे गोठतं आणि मूत्रपिंडं काम सोडून देतात. या सगळ्याच्या मुळाशी मुख्यतः एक एंझाइम आहे, स्फिंगोमायलिनेज-डी. आपल्या पेशींच्या आवरणाच्या बाहेरच्या थरात स्फिंगोमायलिन नावाचा मेद असतो. हे एंझाइम त्या मेदाच्या रेणूचं कोलीनचं डोकं छाटतं. छाटून झालं की स्वतः जसंच्या तसं मोकळं होतं आणि पुढच्या रेणूला भिडतं. म्हणूनच एवढी क्षुल्लक मात्रा पुरते. 2005 साली ब्राझीलमधल्या संशोधकांनी यातल्या एका एंझाइमची त्रिमित रचना उलगडली. त्याच्या खोबणीत मॅग्नेशियमचा आयन बसलेला असतो आणि जवळच दोन हिस्टिडिन असतात. त्यांपैकी बाराव्या क्रमांकाच्या हिस्टिडिनच्या जागी दुसरं अमिनो आम्ल बसवलं की एंझाइमची धार जाते. सबंध शरीर उलथून टाकणारा आजार आणि त्याचं बटण एका अमिनो आम्लावर! इतकं स्वच्छ कारण वैद्यकात किती आजारांना सापडतं, सांगा.

डॉक्टर: कारण स्वच्छ आहे, रुग्ण तसा नसतो. माझ्यासमोर बसणारा माणूस एंझाइम घेऊन येत नाही, दंडावर किंवा मांडीवर काळा पडत चाललेला चट्टा घेऊन येतो. चावा बहुतेकदा झोपेत किंवा कपडे चढवताना झालेला असतो आणि त्या वेळी फारसा दुखतही नाही. कोळी कुणी पाहिलेला नसतो. अशा वेळी तुमची नेटकी गोष्टच घातक ठरते, कारण डॉक्टरला ती पाठ असते. 2001 सालच्या शरद ऋतूत न्यूयॉर्कमध्ये सात महिन्यांचं एक बाळ आलं. हातावर सूज, मधोमध काळी खपली, मग रक्तपेशी फुटायला लागल्या, प्लेटलेट्स उतरल्या, मूत्रपिंडांवर ताण आला. तुम्ही आत्ता वाचलेली यादी पुन्हा वाचा, तंतोतंत जुळते. तिथल्या डॉक्टरांनाही तपकिरी कोळ्याचा संशय आला. निघाला अँथ्रॅक्स, टपालातून पाठवलेल्या जंतूंचा. वास्तविक न्यूयॉर्क हा त्या कोळ्याचा मुलूखच नाही. दुसरीकडे कॅन्सस राज्यातलं एक घर पाहा. तिथे सहा महिन्यांत 2,055 तपकिरी कोळी पकडले गेले आणि घरातल्या चौघांपैकी कुणालाही विषबाधा झाली नाही. 2002 साली कोळ्यांचे अभ्यासक रिक व्हेटर आणि त्यांच्या सहलेखिकेनं हे छापलं. कोळी आहेत तिथे चावे नाहीत आणि कोळी नाहीत तिथे चाव्यांचं निदान होतं. बरेचसे ‘चावे’ प्रत्यक्षात औषधांना न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकोकसची गळवं असतात. मग तुमच्या एंझाइमच्या नावावर जमा केलेल्या आजारातला नेमका किती वाटा त्याचा आहे?

संशोधक: ही तक्रार रास्त आहे, पण ती निदानाच्या सवयीबद्दलची आहे. एखाद्या गावात चोरीचा आळ नेहमी एकाच माणसावर येतो म्हणून त्यानं कधीच चोरी केली नसेल, असं होत नाही. शिवाय तुम्ही उत्तर अमेरिकेकडे पाहून बोलताय. दक्षिणेला या. चिलीत घरांच्या कोपऱ्यांत, भिंतीवरच्या तसबिरींच्या मागे लॉक्सोसेलिस लेटा राहतो. तिथल्या डॉक्टरांना ‘गँगरीनचा डाग’ हा आजार पूर्वीपासून ठाऊक होता आणि 1937 साली माक्यावेलो यांनी त्याचा संबंध या कोळ्याशी जोडला. अमेरिकेतल्या मिझुरीत तोच संबंध लागायला 1957 उजाडलं. ब्राझीलच्या कुरितिबा शहरात तर हा रोजचा प्रकार आहे. तिथे दरवर्षी चाव्यांची मोठी संख्या नोंदली जाते आणि काही रुग्ण चिरडलेला कोळी बाटलीत घालून घेऊन येतात. सहा डोळे, दोन-दोनच्या तीन जोड्या, म्हणजे ओळख पक्की. तिथे अँथ्रॅक्सचा घोटाळा होत नाही. तिथल्या मुलाची लघवी काळी झाली तर कारणाबद्दल वाद घालायला फारशी जागा उरत नाही.

डॉक्टर: ठीक, बाटलीतला कोळी मान्य. आता त्याच चिलीतले आकडे घेऊ. 1989 साली प्रसिद्ध झालेल्या 216 रुग्णांच्या मालिकेत सर्वांगाला बाधणारा प्रकार साधारण सहांपैकी एकात होता. उरलेल्या पाचांची बाधा त्वचेपुरतीच राहिली. कोळी तोच, विष तेच, तुमचं बाराव्या क्रमांकाचं हिस्टिडिनही तेच. मग पाच जण सुटले कसे? तुम्ही म्हणाल, विष कमी-जास्त टोचलं गेलं असेल. पण मग चट्टा जेवढा मोठा तेवढी रक्तपेशींची फूट जास्त, असं दिसायला हवं. तसं नेमानं दिसत नाही. लहानशा लालसर डागामागून रक्त भयंकर फुटलेलं असतं, तर तळहाताएवढं कातडं सडलेल्या माणसाचं रक्त ठणठणीत असतं. लहान मुलांना धोका जास्त, हे खरं. पण सगळ्या लहान मुलांना नाही. उंदराला हेच विष टोचलं तर त्याच्या कातडीला फारसं काही होत नाही, पण तो मरू शकतो. सशाची कातडी सडते. एंझाइम तेच असून प्राण्यागणिक आजार बदलत असेल, तर आजार एंझाइममध्ये आहे असं कसं म्हणायचं?

संशोधक: इथे मला एक प्रयोग सांगू द्या, कारण तुमच्या शंकेचं उत्तर त्यात आहे आणि तुमच्या शंकेला बळही त्यातच आहे. साओ पाउलोच्या बुतांतान संस्थेत डेनिसे तांबूर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकाच्या अखेरीला हे काम केलं. माणसाच्या तांबड्या पेशी घ्यायच्या, धुऊन रक्तद्रव पूर्ण काढून टाकायचा. त्यांत विष किंवा शुद्ध एंझाइम घालायचं, थोडा वेळ ठेवायचं आणि पुन्हा धुवायचं. आता परीक्षानळीत पाहिलं तर काहीच झालेलं नसतं. तळाशी पेशी, वर नितळ पाणी. स्फिंगोमायलिनची डोकी छाटली गेलेली असतात, पण पेशी शाबूत असतात. मग त्याच माणसाचा ताजा रक्तद्रव त्यात घालायचा. आता वरचं पाणी लाल होत जातं. पेशी फुटतात, आणि त्या फोडतो आपलाच कॉम्प्लिमेंट, म्हणजे रक्तद्रवातली जंतूंना भोकं पाडणारी प्रथिनांची साखळी. आवरणातल्या मेदाची घडी बिघडली की पेशीच्या पृष्ठभागावरचं तिचं स्वतःचंच एक प्रथिनं कापणारं एंझाइम जागं होतं आणि ग्लायकोफोरिन नावाची प्रथिनं कापून टाकतं. ‘मी आपल्यातलीच आहे’ ही खूण बऱ्याच अंशी या ग्लायकोफोरिनांवरच्या शर्करांत असते. ती गेली की कॉम्प्लिमेंट त्या पेशीला परकी समजतो. तुमचे पाच जण का सुटले याचं एक संभाव्य उत्तर इथेच आहे. प्रत्येकाच्या पेशीवरचं संरक्षण आणि प्रत्येकाचा कॉम्प्लिमेंट सारखा नसतो.

डॉक्टर: मग तुम्ही माझीच बाजू मांडलीत की! कोळ्यानं डोकी छाटली, पेशी तरी शाबूत होती. ग्लायकोफोरिन कापलं आपल्याच एंझाइमनं आणि पेशी फोडली आपल्याच कॉम्प्लिमेंटनं. कातडीचंही तसंच. 1970 साली सशांवर झालेल्या प्रयोगात त्यांच्या न्यूट्रोफिल पेशी औषधानं आधीच संपवून टाकल्या आणि मग विष टोचलं, तेव्हा कातडी सडली नाही. म्हणजे कातडी सडवायलाही आपल्याच पांढऱ्या पेशी लागतात. कोळ्यानं काडी टाकली, एवढंच. पेटली ती आपली कडब्याची गंजी. ओल्या गंजीवर पडलेली काडी विझून जाते, पाचांच्या बाबतीत झालं तसं. मला तर या आजाराचं नाव बदलावंसं वाटतं. तुम्ही याला विषबाधा म्हणता, मला हा शरीरानं स्वतःवरच चढवलेला हल्ला दिसतो. तांबड्या पेशींना चिकटलेली प्रतिद्रव्यं शोधणारी कूम्ब्स चाचणीसुद्धा काही रुग्णांत पॉझिटिव्ह येते आणि मग ही स्वप्रतिकार विकाराची रक्तपेशीफूट समजून उपचार सुरू होतात. तो गोंधळ निव्वळ प्रयोगशाळेचा आहे असं मला वाटत नाही.

संशोधक: गंजीचा दाखला चांगला आहे, पण तो तुम्ही अर्ध्यावर सोडला. शेतात पन्नास गंज्या वाळत पडलेल्या असतात आणि त्या आपोआप पेटत नाहीत. काडी नसेल तर कोरडेपणा हा दोष ठरतच नाही. कुरितिबातल्या गटानं प्रयोगशाळेत बनवलेलं एंझाइम आणि त्याचंच बारावं हिस्टिडिन बदललेलं रूप, असं दोन्ही उंदरांना टोचलं. पहिल्यानं मूत्रपिंडं बिघडली, दुसऱ्यानं बिघडली नाहीत. दोन रेणूंत फरक एका अमिनो आम्लाचा. आणि मूत्रपिंडाच्या बाबतीत तर तुमची ‘सगळं शरीरच करतं’ ही मांडणी आणखी लंगडी पडते. पूर्वी सगळे म्हणायचे की फुटलेल्या पेशींतलं हिमोग्लोबिन मूत्रपिंडाच्या नलिकांत साचतं आणि त्या तुंबतात. ते होतंच. पण त्याच गटाला विषातली प्रथिनं थेट मूत्रपिंडाच्या ऊतीला चिकटलेली आढळली, आणि तिथे कॉम्प्लिमेंटचा थर किंवा पांढऱ्या पेशींची गर्दी दिसली नाही. म्हणजे एका अवयवात विष दुसऱ्याकडून काम करून घेतं आणि दुसऱ्या अवयवात स्वतः हात घालतं. सर्वांगाचा आजार म्हणून आपण ज्याला एक नाव देतो, त्यात निदान दोन वेगळे मार्ग आहेत.

डॉक्टर: पण ते उंदीर, आणि उंदराच्या कातडीनं आपल्याला काय शिकवलं ते आत्ताच बोललो. माणसाच्या मूत्रपिंडात दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात, तेव्हा कोणाचा वाटा किती हे कुणी वेगळं काढून दाखवलेलं नाही. मला आणखी एक शंका आहे. या एंझाइमला तुम्ही शस्त्र म्हणता. कोळ्याला माणसाची मूत्रपिंडं बंद पाडून काय मिळणार आहे?

संशोधक: काहीही नाही. त्याचं भक्ष्य किडे आहेत. किड्यांमध्ये स्फिंगोमायलिनऐवजी बहुतांशी त्याचा भाऊबंद असलेला एक मेद असतो आणि हे एंझाइम तोही कापतं. शुद्ध एंझाइम रातकिड्यांना टोचलं तर ते लुळे पडतात. आपल्या रक्तात त्याच जातीचा मेद असणं हा योगायोग. याहून विचित्र गोष्ट पाहा. शेळ्यामेंढ्यांच्या मानेखाली गाठी पिकवणारा एक जंतू आहे, कोरिनेबॅक्टेरियम स्यूडोट्युबरक्युलोसिस. त्याच्याकडेही हेच एंझाइम असतं आणि रोग पसरवण्यात ते त्याला उपयोगी पडतं. कोळी आणि जंतू यांच्या एंझाइमांच्या शेपटीकडचा एक तुकडा इतका जुळतो की 2006 साली ग्रेटा बिनफर्ड आणि मॅथ्यू कॉर्ड्स यांनी हे जनूक कधीकाळी एकाकडून दुसऱ्याकडे आडवं गेलं असावं असं मांडलं. पुढे त्याचे नातलग इतर अष्टपादांतही सापडले, त्यामुळे वंशावळीचा वाद चालूच आहे. मला त्यातला एवढाच मुद्दा हवा आहे. कोळी आणि जंतू, दोघांनाही हे एकच हत्यार कामाला आलं. मेद कापणं ही पेशीच्या जगातली फार खोलवरची खोडी आहे, वरवरची चिथावणी नव्हे.

डॉक्टर: खोडी खोलवरची असेल, मला रुग्णाला काय द्यायचं ते सांगा. या प्रश्नाचं उत्तर शोधायला ब्राझीलला जायची गरज नाही, महाडला गेलं तरी चालेल. कोकणात लाल विंचू चावून मुलं मरायची, फुप्फुसांत पाणी भरून. महाडच्या डॉक्टर हिंमतराव बावस्करांनी पाहिलं की विंचवाच्या विषानं शरीरातलीच संप्रेरकं उसळतात आणि हृदय त्या वादळात कोलमडतं. त्यांनी विषामागे धावण्याऐवजी वादळ अडवलं, रक्तदाबावरच्या प्राझोसिन या साध्या, स्वस्त गोळीनं. मृत्यू झपाट्यानं घटले. माझा धडा हा आहे, की विष टोचलं गेलंय, ते आता परत काढता येत नाही. शरीराची प्रतिक्रिया आवरता येते. मग इथेही कॉम्प्लिमेंट रोखायचा. नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या गटानं 2013 साली परीक्षानळीत एक्युलिझुमॅब घालून पाहिलं. ते कॉम्प्लिमेंटची साखळी शेवटच्या टप्प्यावर तोडणारं औषध आहे. विष लावलेल्या तांबड्या पेशींची फूट त्यानं कमी झाली.

संशोधक: बावस्करांची गोष्ट तुम्ही अगदी योग्य जागी आणलीत, पण पुढचं पान उलटा. 2011 साली त्यांनीच बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात चाचणी प्रसिद्ध केली. नुसतं प्राझोसिन दिलेल्या रुग्णांपेक्षा प्राझोसिन आणि विंचवाचं प्रतिविष दोन्ही दिलेले रुग्ण लवकर सावरले. वादळ अडवणं पुरेसं वाटत होतं, तरी उगम बंद केल्यावर आणखी फरक पडलाच. शिवाय विंचवाचं विष आणि हे विष यांत एक मूलभूत भेद आहे. विंचवाचं विष चेतापेशींवरची सोडियमची दारं उघडी धरतं. ते सुटलं की दारं मिटू शकतात. छाटलेलं कोलीनचं डोकं मात्र परत बसत नाही. कॉम्प्लिमेंट तुम्ही रोखाल, पण एंझाइम रक्तात असेपर्यंत नवनव्या पेशी उघड्या पडत राहतील. म्हणून ब्राझीलमध्ये बुतांतान संस्था आणि पाराना राज्यातली सरकारी प्रयोगशाळा घोड्यांच्या रक्तापासून प्रतिविष बनवतात, आपल्याकडे हाफकिननं सापाचं बनवलं तसं. सशांवरच्या प्रयोगांत लवकर दिलेल्या प्रतिविषानं जखम बरीच लहान राहिली. जसा उशीर होत गेला तसा फायदा घटला.

डॉक्टर: ‘लवकर’ हाच तर अडसर आहे. चावा कळत नाही, चट्टा दुसऱ्या दिवशी काळा पडतो, लघवीचा रंग एक ते तीन दिवसांत बदलतो. रुग्ण माझ्याकडे येतो तेव्हा तुमच्या एंझाइमनं बरंच उरकलेलं असतं. अमेरिकेत तर बाजारात याचं प्रतिविषच नाही. आणि रेणूच्या भरवशावर घाई केली की काय होतं त्याचं उदाहरण म्हणजे डॅप्सोन. कुष्ठरोगाच्या बहुऔषध उपचारामुळे आपल्याकडे ते सगळ्यांच्या ओळखीचं आहे. न्यूट्रोफिलांना लगाम घालतं म्हणून अमेरिकेत ते कोळ्याच्या जखमेवर वर्षानुवर्षं देत आले. माणसांत खात्रीलायक फायदा कुणी दाखवला नाही. उलट डॅप्सोननं स्वतःच तांबड्या पेशी फुटू शकतात, आणि ज्यांच्यात जी-सिक्स-पी-डी हे एंझाइम कमी असतं त्यांच्यात तर सर्रास. विषामुळे ज्या गोष्टीची भीती, तीच आपण गोळीतून द्यायची! एक्युलिझुमॅबलाही मी हाच नियम लावेन, माझं स्वतःचं उदाहरण असलं तरी. कॉम्प्लिमेंट रोखला की मेनिंगोकॉकससारख्या जंतूला रान मोकळं मिळतं. परीक्षानळीत पेशी फुटायच्या थांबल्या, एवढ्यावर मी ते डोळे मिटून देणार नाही.

संशोधक: म्हणजे आता तुम्ही तुमच्याच औषधावर शंका घेताय. मग मीही माझ्या बाजूचा एक कच्चा दुवा दाखवते, तुम्ही बोट ठेवण्याआधी. अनेक वर्षं आम्ही सगळे लिहीत होतो की हे एंझाइम स्फिंगोमायलिन कापून सेरामाइड-फॉस्फेट सोडतं आणि तोच रेणू पुढे जळजळीचा निरोप पोचवतो. 2013 साली ॲरिझोना विद्यापीठातल्या गटानं दाखवलं की बाहेर पडतो तो कड्याच्या आकाराचा, चक्रीय फॉस्फेट. आता तो चक्रीय रेणू पेशीला काय निरोप देतो हे उलगडायला पुन्हा सुरुवातीपासून जावं लागतंय. म्हणजे काडी कुठली हे आम्हाला माहीत आहे, ठिणगी नेमकी कशाची याबद्दल अजून बोलणं चालू आहे. तरीही आपल्या दोघांचा वाद मोजून सोडवता येईल असं मला वाटतं. व्हँडरबिल्टच्या त्याच कामात आणखी एक निरीक्षण होतं. चावा बसलेल्या रुग्णांच्या तांबड्या पेशींवरचं ग्लायकोफोरिन-ए कमी झालेलं दिसलं. म्हणजे एंझाइमनं पेशीला हात लावला की नाही, याची खूण पेशीवरच राहते. कोळी ओळखलेला आहे अशा रुग्णांचं रक्त पहिल्याच दिवशी घ्या आणि ग्लायकोफोरिन मोजा. मग वाट पाहा, कुणाचं रक्त फुटतं आणि कुणाचं नाही. फुटणाऱ्यांचंच ग्लायकोफोरिन घसरलेलं निघालं, तर फरक विषाच्या पोचण्यातला आहे आणि प्रतिविषावरच भर द्यायला हवा. दोन्ही गटांत ते सारखंच घसरलेलं निघालं, तर विष सगळ्यांपर्यंत पोचलं होतं, फरक शरीरांतला होता. तेव्हा मी तुमची गंजी मान्य करीन.

डॉक्टर: मोजणी मला मंजूर आहे, दोन अटींवर. एक, ज्यांच्या चाव्याचा संशय खोटा ठरला, गळू निघालं, अशांचंही रक्त त्याच दिवशी मोजायचं. नाहीतर आजारपणानंच ग्लायकोफोरिन उतरतं की कोळ्यानं, ते कळणार नाही. ही मोजणी खरोखर भेद करू शकली, तर न्यूयॉर्कच्या बाळासारख्या वेळी मला तुमच्या रेणूचा पहिल्यांदा उपयोग होईल. कारण समजावणारा रेणू निदान करणारा ठरेल. दुसरी अट, निकाल मधलाच लागला तर तो मधलाच म्हणायचा. मला वाटतं तसाच लागेल. तोवर काळ्या लघवीचं मूल आलं तर मी आधी सलाइन लावीन, रक्त चढवायची तयारी ठेवीन, मूत्रपिंडांवर नजर ठेवीन आणि कोळ्याव्यतिरिक्तची कारणं एकेक करून तपासीन. प्रतिविष हाताशी असेल तर उशीर झालेला असूनही द्यायचं का, याचा निर्णय प्रत्येक मुलासाठी वेगळा घेईन.

संशोधक: आणि तो निर्णय घेताना तुम्ही काय धरून चालाल? दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्या मुलाच्या रक्तात एंझाइम अजून कापत असतं, की त्याचं काम संपून फक्त कॉम्प्लिमेंट चालू असतो? आपल्या सगळ्या भांडणाचं टोक तिथे येऊन थांबतं. पहिलं खरं असेल तर प्रतिविष उशिराही द्यायलाच हवं. दुसरं खरं असेल तर ते घोड्याच्या प्रथिनांचा धोका विनाकारण पत्करणं ठरेल.

डॉक्टर: दोन्ही थोडं थोडं खरं असेल असं धरून मी चालतो. पण किती थोडं, हे कुणी मोजून दिलं तर मला माझं मत बदलायला आवडेल.